मुकं बटण

हार्ड रॉकचा शो पहिल्यांदा बघायला येणाऱ्या माणसाची नजर स्टेजवर असते. असायचीच, तिकीट त्याचंच काढलेलं असतं. पण स्टेजच्या एका कडेला, काळ्या पडद्याच्या आडोशाला, काळा शर्ट घातलेला एक माणूस उभा असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि कोणी बघू नये म्हणूनच तो शर्ट काळा असतो. लोकांना जो आवाज ऐकू येतो तो ह्या माणसाच्या हातात नसतो. तो हॉलच्या मध्यावर बसलेल्या मुख्य साउंडवाल्याच्या हातात. ह्याच्याकडे असतो फक्त स्टेजवरच्या लोकांच्या कानात जाणारा आवाज. ड्रम आणि गिटारच्या दणदणाटात गाणाऱ्याला स्वतःचाच गळा ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही कानांत बोराएवढे स्पीकर खोचलेले असतात, आणि कोणाला काय किती ऐकवायचं ते हा ठरवतो. ह्या कामाला मॉनिटर म्हणतात. शो रंगला तर मॉनिटरवाल्याला कोणी शाबासकी देत नाही. बिघडला तर मात्र सगळी बोटं त्याच्याकडे वळतात.

आपला मॉनिटरवाला म्हणजे दादा. तसा तो एकीचाच दादा, पण ती एकजण बँडची गायिका असल्यामुळे गिटारवाला, ड्रमवाला, ट्रकचा ड्रायव्हर, सगळेच त्याला दादा म्हणू लागले. त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. गायिकेचं घरातलं नाव चिमणी. लहानपणी आवाज बारीक होता म्हणून पडलेलं. आता ही चिमणी माइक तोंडाशी नेऊन अशी डरकाळी फोडायची की पुढच्या रांगेतले दांडगे गडीही क्षणभर मागे सरकायचे. पण घरातली नावं एकदा चिकटली की चिकटली.

त्यांची आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. मुलीने बँडबरोबर गावोगाव हिंडायचं ठरवलं तेव्हा ती आडवी आली नाही. फक्त मुलाला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "तू जा तिच्याबरोबर. आणि तिचे कान सांभाळ रे. मशिनींच्या आवाजाने माझ्याबरोबरच्या बायका कशा ठार बहिऱ्या झाल्यात, मी बघतेय." दादा तेव्हा एका नाट्यगृहात साउंडचं काम करत होता. डोक्यावर छप्पर आणि ठरलेल्या वेळी सुट्टी असलेली नोकरी सोडून तो ट्रकमध्ये जाऊन बसला. आईला शब्द दिला होता ना.

आता त्या बटणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं.

मिक्सरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या मशीनवर, वर-खाली सरकणाऱ्या बटणांची लांबच लांब ओळ असते. त्यातलं एखादं कशालाच जोडलेलं नसतं. बँडच्या मुख्य साउंडवाल्याला सगळे मास्तर म्हणायचे. त्यांनीच दादाला मॉनिटरचं काम शिकवलं, आणि पहिल्याच आठवड्यात ते रिकामं बटण दाखवून ठेवलं.

"हे तुझं सगळ्यात कामाचं बटण," मास्तर म्हणाले. "वाजवणाऱ्यांचं पोट कधी भरत नाही. अजून दे, अजून दे. त्यांचं ऐकत बसलास तर स्वतःचे कान स्वतःच फोडून घेतील. तेव्हा कोणी बोट वर केलं की त्याच्याकडे नीट बघायचं, चेहरा गंभीर ठेवायचा आणि हे बटण हळूच वर सरकवायचं. लगेच बरं वाटतं त्यांना."

दादाला हे पटलं नव्हतं. मग त्याने लांब्यावर प्रयोग केला. लांब्या म्हणजे गिटारवाला. माणूस उंच होताच, पण त्याच्या तक्रारी त्याच्याहून लांब. लांब्याने बोट वर केलं, दादाने मुकं बटण वर सरकवलं, लांब्याने डोळे मिटून कान दिला आणि खुश होऊन अंगठा दाखवला. शो झाल्यावर येऊन दादाच्या पाठीवर थापही मारली. "आज काय सुरेख आवाज दिलास राव." दादा हसू दाबता दाबता बेजार झाला. ह्या धंद्यातल्या सगळ्यांना हे बटण माहीत असतं आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांतल्या कोणाला कोणी ते सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चिमणीसाठीही तो ते बटण वापरायचा, पण तिथे त्याला हसू यायचं नाही. तिथे त्याला आपण मोठे आहोत, शहाणे आहोत असं वाटायचं. ती 'अजून' म्हणायची, तो तिचे कान वाचवायचा, आणि ती खुशीत गायची. साप मरत होता आणि काठीही तुटत नव्हती.

मागच्या दौऱ्यात चिमणी डाव्या कानाकडे बोट दाखवायला लागली. एका गावात पहिल्या गाण्यानंतरच तिने खूण केली: इकडे कमी येतंय. दादा काही आळशी माणूस नव्हता. त्याने तिच्या कानात जाणारा आवाज स्वतःच्या कानात लावून तपासला. डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही सारख्या. तारा ठीक होत्या, बॅटरी नवी होती. पुढच्या गाण्याआधी तिचे ते छोटे स्पीकर बदलूनही पाहिले. तिची खूण तीच. मग त्याने मनाशी ठरवलं की पोरगी दमली आहे, झोप नाही, जेवणाच्या वेळा नाहीत, त्यामुळे चिडचिड होते आहे. त्याने तिच्याकडे पाहिलं, चेहरा गंभीर केला आणि मुकं बटण वर सरकवलं. चिमणीने क्षणभर मान कलती केली, मग अंगठा दाखवला आणि गाणं सुरू केलं.

पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावीही तेच.

इथे एक अगदी साधा प्रश्न होता, आणि नंतर दादा तो स्वतःला उठता-बसता विचारायचा. मशीन ठीक, तारा ठीक, स्पीकर ठीक, तरी गाणारीला डावीकडे कमी ऐकू येतंय. मग बिघडलंय काय? उत्तर शेंबड्या पोरानेही दिलं असतं. पण दादाच्या हातात तक्रार बंद करायचं बटण होतं, आणि तक्रार बंद झाली की माणूस विचार करायचं थांबतो.

दौरा संपून घरी आल्यावर एका सकाळी चिमणीने मैत्रिणीचा फोन डाव्या कानाला लावला आणि म्हणाली, "हॅलो, अगं बोल ना." मैत्रीण बोलतच होती. फोन उजव्या कानाला लावल्यावर ते कळलं.

कानाच्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी चिमणीला काचेच्या छोट्या खोलीत बसवून तपासलं, मग समोर बसवून सावकाश विचारलं, "हे कधीपासून?"

"परवापासून."

"त्याआधी कधी कमी ऐकू आलं होतं?"

"दौऱ्यात यायचं कमी. पण ते कानाचं नव्हतं," चिमणी म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीकडे हात केला. "हा माझा भाऊ, हाच साउंड बघतो. ह्याने आवाज वाढवला की नीट ऐकू यायचं."

"म्हणजे वाढवल्यावर फरक पडायचा?"

"हो, स्पष्ट."

डॉक्टरबाईंनी दादाकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला तोंड होतं, जीभ होती, मराठी येत होतं. तो म्हणू शकला असता की बाई, मी काही वाढवत नव्हतो. त्याने मान हलवली. हो अशी.

डॉक्टरबाई म्हणाल्या की अशा बहिरेपणाचं नेमकं कारण बरेचदा सापडत नाही, आवाजामुळेच झालं असंही छातीठोक सांगता येत नाही. पण औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, उशीर झाला की आशा कमी होत जाते. "परवापासूनच आहे म्हणता ना, मग वेळेत आलात," त्या म्हणाल्या, आणि चिमणीने सुटकेचा श्वास सोडला. दादाने खिडकीबाहेर पाहिलं. खाली एक माणूस गाडी धूत होता. वेळेत कसलं आलात, दादा मनात म्हणाला. एक अख्खा दौरा उशिरा आलात, आणि तो उशीर तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलाय.

त्यानंतर दादा इतका चांगला वागू लागला की बघणाऱ्याला संशयच यावा. चिमणीच्या गोळ्यांच्या वेळा तो सांभाळायचा, रस्त्याने तिच्या उजव्या बाजूने चालायचा, तिला हवं नको ते विचारून भंडावून सोडायचा. ती वैतागून म्हणाली, "दादा, माझा कान गेलाय, पाय नाही." आई मात्र खुश होती. जेवताना आधी त्याच्या ताटात वाढायची, आणि तो खाली मान घालून जेवायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याला तर घास गिळताना खवखवायचं.

सांगायचं त्याने कितीदा तरी ठरवलं. पण प्रत्येक वेळी मन एक नवी सबब काढून द्यायचं. औषध चालू आहे, आत्ता तिला धक्का नको. औषध संपू दे, मग बघू. तपासणीचा निकाल येऊ दे. निकाल आला, कान तसाच होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडंफार परत येऊही शकतं, काहींना येतं, वाट पाहू. मग दादाच्या मनाने त्या 'काहींना'ला घट्ट धरून ठेवलं. कान परत आला तर सांगायची गरजच काय?

गायला परवानगी मिळाली, आवाज मर्यादेत ठेवायच्या अटीवर. पहिला शो दुपारचा होता, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. आणि आई म्हणाली, ह्या वेळी मीपण येणार. आजवर ती एकाही शोला आली नव्हती.

दादाने तिला आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बसवून सगळं समजावलं. वेळेवर काही सुरू होत नाही, घाई करू नकोस. सुरू होण्याआधी एकदम अंधार होईल आणि लोक किंचाळतील, कोणी पडलं-बिडलं नाही असं समज. आवाज आधी छातीला लागतो, मग कानाला. घाबरू नकोस, ते तुझं हृदय नसतं, ड्रम असतो. मध्येच गर्दीत मोकळी जागा होईल आणि पोरं एकमेकांवर धडका मारत गोल गोल पळतील.

"भांडण?"

"भांडण नाही गं. खेळ आहे तो. कोणी पडलं तर लगेच चार जण उचलतात. तू फक्त तिथे उभी राहू नकोस. मास्तरांच्या टेबलाशी राहा. आणि सगळं संपलं, लाइट गेले, बँडवाले आत गेले, की उठून निघू नकोस. ते खोटं असतं. लोक ओरडत राहतात आणि ते परत येऊन अजून दोन गाणी म्हणतात."

"मग आत जातात कशाला?"

दादाने कानात घालायचे मऊ बोळे तिला दिले, ते कसे पिळून घालायचे ते दाखवलं, आणि म्हणाला, "हे काढायचे नाहीत." आईने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. तो उठून उगाचच नळ घट्ट करायला गेला.

शोच्या दिवशी सगळं त्याने सांगितल्याप्रमाणेच झालं. उशीर झाला, अंधार झाला, लोक किंचाळले. पहिल्या ठोक्याला शेडचे पत्रे थरथरले. पांढऱ्या धुरातून चिमणी पुढे आली, एक पाय स्पीकरवर ठेवला आणि तिने अशी आरोळी ठोकली की समोरचे हजारभर हात एकदम वर गेले. दादाने पलीकडे पाहिलं. मास्तरांच्या टेबलाशी आई ताठ उभी होती, आणि तिच्या दोन्ही हातांवर जॅकेटांचा ढीग होता. धडकाधडकीला निघालेल्या पोरांनी, एक भरवशाची बाई दिसतेय म्हणून, आपापली जॅकेटं तिच्याकडे सोपवली होती. लाँड्रीतली बाई ती, तिने ती नीट घडी घालून धरली होती.

तिसऱ्या गाण्यानंतर चिमणी कडेला वळली. तिने दादाकडे पाहिलं, डाव्या कानाला हात लावला आणि बोट वर केलं.

ती डावा कान मागत होती. डाव्या कानात काहीतरी येत असल्याशिवाय कोणी मागेल कशाला? दादाने तिचं खरं बटण धरलं. डॉक्टरबाईंनी घालून दिलेल्या मर्यादेपर्यंत त्याने ते वर नेलं, अगदी हळू, तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता. चिमणीने मान कलती केली. डोळे मिटले. मग डोळे उघडून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिने अंगठा दाखवला.

त्यानंतरचा शो दादाने जवळजवळ हवेतच केला. लांब्याने मागितलं ते त्याला दिलं, चेहरा गंभीर वगैरे न करता, खरंखुरं दिलं. कान परत येत होता. थोडासा का होईना, येत होता. आता डॉक्टरबाईंना फोन करायचा, आईला सांगायचं, आणि त्या बटणाचा विषय आपल्याबरोबर मातीत जाऊ द्यायचा. कोणाचं नुकसान झालं होतं? कोणाचंच नाही. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि गेलेला कान आपला नाही, तिचा आहे, हे त्याला आठवायलाही सवड झाली नाही.

शो संपला. खोटा शेवट झाला, मग खरा झाला. शेडचे मोठे दरवाजे उघडल्यावर बाहेर अजून चांगलं ऊन होतं. लोक घामेजलेल्या चेहऱ्यांनी, बसलेल्या घशांनी बाहेर पडत होते. दादा वायरी गुंडाळत होता आणि चिमणी शेजारी एका पेटीवर बसून पाणी पीत होती.

"आलं ना?" त्याने विचारलं. "डावीकडे? तिसऱ्या गाण्यानंतर?"

चिमणीने बाटलीचं झाकण लावलं. "नाही रे."

"अगं, अंगठा दाखवलास ना."

"म्हटलं, बघू या एकदा काही येतंय का. काही आलं नाही. पण तू इतक्या आशेने बघत होतास." ती हसली. "तुला कशाला वाईट वाटू द्यायचं? म्हणून दाखवला."

दादाच्या हातातलं वायरीचं भेंडोळं खाली गेलं. त्याला वाटलं होतं की सांगताना खूप जुळवाजुळव करावी लागेल, सुरुवात कुठून करायची हेच सुचणार नाही. प्रत्यक्षात चार वाक्यांत सगळं संपलं. एक बटण असतं, ते कशालाच जोडलेलं नसतं. मागच्या दौऱ्यात तू डावीकडे मागितलंस तेव्हा मी ते वर करत होतो. दोन्ही बाजू सारख्या जातात हे मी तपासलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की बिघाड तुझ्या कानात आहे.

सांगताना ती त्याच्याकडे उजवी बाजू करून बसली होती, एक शब्द सुटू नये म्हणून.

"पण मला ऐकू यायचं," ती म्हणाली.

"हो."

"तू वर केलंस की यायचं, दादा. खरंच यायचं."

"मला माहीत आहे."

ती बाटलीवरचा कागद नखाने सोलत राहिली. दादा वाट बघत होता. अख्खी शेड जिच्या ओरडण्यासाठी भरली होती, तिने आता त्याच्यावर एकदा ओरडावं, एवढीच त्याची इच्छा होती. शिव्या द्याव्यात, बाटली फेकून मारावी. ओरडली असती तर त्याला काहीतरी मिळालं असतं.

"बटणाचं ठीक आहे," शेवटी ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात. "ते तुम्ही लोक करत असाल. पण डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास."

दादाने मान हलवली. हो अशी.

"पुढच्या शोपासून मॉनिटरला दुसरं कोणीतरी बघ," ती म्हणाली. "आईला आत्ता काही सांगू नकोस. आज ती पहिल्यांदा आली आहे."

सगळी जॅकेटं ज्याची त्याला परत देऊन आई दरवाजातून येत होती. कानातले बोळे तिने अजून काढले नव्हते. ती ते आता काढत होती आणि गाल लाल झाले होते. "लाँड्रीत याहून जास्त आवाज असतो," ती लांबूनच म्हणाली. ती येऊन चिमणीच्या डाव्या बाजूला उभी राहिली, तशी चिमणी पेटीवरून उठून तिच्या पलीकडे गेली आणि तिच्या हातात हात घालून चालू लागली. दादा खाली वाकून वायर उचलत होता.

"बाकी काही असो," आई तिला म्हणत होती, "दादा आहे तुझ्याबरोबर म्हणून मी निश्चिंत असते बघ."

"हो, आई," चिमणी म्हणाली.

दादाला ते दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं.